सूर्याची हिरवी कड

वाळवंटाच्या कडेला असलेल्या ल्युडेरिट्झ बंदरात ज्याच्याकडे म्हणून ओळखपत्र आहे, त्याला हेंड्रिना बोईसने कधी ना कधी पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलेलं आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, म्हणजे नव्वद साली, सगळ्यांनाच नवी कागदपत्रं हवी होती. सकाळी सातपासून स्टुडिओच्या दाराशी रांग लागायची. मासळीच्या कारखान्यातल्या बायका गमबूट घालूनच यायच्या. हेंड्रिना एकेकाची हनुवटी दोन बोटांनी वर करायची, "हसू नका, सरकारला हसलेलं चालत नाही," असं म्हणायची आणि खटका दाबायची.

स्टुडिओ मूळचा म्हाताऱ्या केस्टनरचा. हेंड्रिना त्याच्याकडे फरशी पुसायला लागली होती आणि सहा वर्षांत फिल्म धुण्यापर्यंत पोचली होती. केस्टनर जर्मनीला मुलीकडे कायमचा गेला तेव्हा दुकान तिच्यावर सोपवून गेला. पक्ष्यांचे फोटो काढायची एक बुटकी, जाड, डब्यासारखी लेन्सही मागे ठेवून गेला. ती लेन्स दोन वर्षं कपाटात पडून होती. पांढऱ्या पडद्यापुढे सावळा चेहरा असला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा फसतो, चेहऱ्याचा कोळसा होतो, हे हेंड्रिनाला या ओळखपत्रांनी शिकवलं. काटा सांगेल त्याच्या दीडपट उजेड ती आत घ्यायची. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय तिला तिथूनच लागली, आणि पुढे फार उपयोगी पडली.

सूर्याचा नाद लागला तो एका लग्नामुळे. विल्हेल्मिना गोलियाथ या बाईच्या मुलीचं लग्न होतं, जून महिना होता आणि दिवसभर पूर्वेचा वारा सुटला होता. वाळवंटातून येणारा हा वारा गरम, कोरडा असतो. दातात वाळू येते, चादरी तापतात, कुत्री गाड्यांखाली जाऊन पडतात. विल्हेल्मिनाला गावाबाहेर दियाझ पॉइंटच्या खडकांवर जोडप्याचा फोटो हवा होता, मागे मोठा सूर्य हवा होता. त्यासाठी हेंड्रिनाने ती बुटकी लेन्स काढली, तिथल्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी तिपाई रोवली, आणि नवरानवरीला लांब पुढच्या खडकावर उभं केलं. चार-पाच फोटो झाले. मग नवरीचा ओढणीसारखा जाळीदार पदर वाऱ्याने उडाला आणि दोघं तो पकडायला खाली वाकली.

हेंड्रिना कॅमेऱ्याला डोळा लावून तशीच थांबली होती. समुद्राच्या कडेवर सूर्याची नखाएवढी कोर राहिली होती. बघता बघता त्या कोरीच्या वरून एक पातळ चकती सुटली, कोरीला सोडून वर तरंगली आणि हिरवी झाली. पानासारखी किंवा रंगासारखी हिरवी नव्हे, काचेच्या बाटलीतून दिवा दिसावा तशी. दोन सेकंद असेल. तिने बोट दाबलं.

रंगीत फिल्म राजधानीलाच धुतली जायची. तीन आठवड्यांनी विंडहुकहून फोटो धुऊन आले आणि विल्हेल्मिना ते हातात घेऊन दुकानात आली.

"ही माझी पोर?" तिने एक फोटो काचेवर आपटला. त्यात अर्धा पदर, नवऱ्याची पाठ आणि एक अस्पष्ट हिरवट ठिपका होता. "पहाटे चारला उठवून केस विंचरले तिचे. तू फोटो कशाचा काढलास? ठिपक्याचा!"

"तो सूर्य आहे, औसी," हेंड्रिना थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

"सूर्य काय जावयाच्या नात्यातला आहे? त्याला कुणी बोलावलं होतं?"

"बाकीचे पाच चांगले आलेत ना."

"पाचात तिचे डोळे मिटलेत!"

खरं म्हणजे दोनातच मिटलेले होते. हेंड्रिनाने माफी मागितली, नवरीचा एक मोठा फोटो स्टुडिओत पुन्हा काढून दिला, आणि तो ठिपक्याचा फोटो ठेवून घेतला.

त्या संध्याकाळी तिने तो नवऱ्याला दाखवला. अब्राहाम बोईस उन्हाळ्यात शेवंडं धरायचा, थंडीत स्नूक मासा. पंचवीस वर्षं त्याने समुद्रावर काढली होती. चुलीपाशी उभा राहून तो तळलेला पाव खात होता. फोटोला तेलकट बोट लागू नये म्हणून त्याने मान वाकडी करून बघितलं.

"हे होय? हे दिसतं की."

"दिसतं म्हणजे?"

"म्हणजे दिसतं. पूर्वेचा वारा पडला की. वर्षातून पाच-सात वेळा तरी."

"आणि मला कधी बोलला नाहीस?"

"तू कधी विचारलंस? आणि त्या वेळी माझ्या हातात गळ असतो, बाई. सूर्य हिरवा झाला की निळा, मला काय त्याचं! मासा चांदीचा असला म्हणजे झालं."

हेंड्रिनाला राग आला तो बरेच दिवस गेला नाही. ज्या गोष्टीने तिची झोप उडवली होती ती हा माणूस पंचवीस वर्षं रोजच्या भाकरीसारखी बघत आला होता. पण रागाचं रूपांतर हळूहळू चौकशीत झालं. कधी दिसतं? कुठल्या वाऱ्यात? आधी काही कळतं का? अब्रा सुरुवातीला टाळायचा, मग विचार करून सांगू लागला. दक्षिणेच्या वाऱ्यात काही नाही. धुकं असलं तर काही नाही. पूर्वेचा वारा दिवसभर वाहून संध्याकाळी थांबला, आणि लांबच्या बोटी ताठ दिसायला लागल्या, तर समजावं.

"ताठ म्हणजे?"

"उंच. ओढून ताणल्यासारख्या. कधीकधी एकीच्या डोक्यावर दुसरी उलटी उभी. गरम हवा थंड पाण्यावर बसते ना, तिचे खेळ. बोट ताठ झाली की सूर्यही वेडावाकडा बुडतो."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती तिने वहीत लिहून ठेवली. सूर्याकडे आधीपासून टक लावायची नाही. डोळा तांबड्या उजेडाने थकतो आणि मग पिवळंही हिरवं दिसायला लागतं. बोटीवरची नवी पोरं रोज हिरवा सूर्य बघतात ती अशी. तेव्हापासून हेंड्रिना खडकावर सूर्याकडे पाठ करून बसायची. आपली सावली दीपस्तंभाच्या भिंतीवर किती फिकी झाली ते बघायची, आणि ती जवळजवळ पुसली गेली की वळायची.

दोन सेकंदांत फार तर तीन फोटो निघतात, तेही हात सरावलेला असेल तर. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती रिकामा कॅमेरा घेऊन खटका, अंगठ्याने फिल्म पुढे, खटका, असं करत बसायची. शेजारच्या न्हाव्याला वाटायचं, बाईला अंगठ्याचा काही आजार झाला.

पाच वर्षं गेली. अब्रा बोटीवर असला आणि बोटी ताठ दिसायला लागल्या, की तो बिनतारीवरून बंदरातल्या बाईला सांगायचा, "हेंड्रिनाला कळवा, बोटी ताठ झाल्यात, आज हिरवा येईल." बंदरातली बाई स्टुडिओत फोन करायची. हेंड्रिना दारावर पाटी उलटी करून पिकअप काढायची आणि पाऊण तासात खडकावर हजर व्हायची. वाळूपासून जपायला कॅमेऱ्याला पावाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली असायची. बहुतेक वेळा काही ना काही चुकायचं. कधी शेवटच्या क्षणी ढगाची पट्टी आडवी यायची, कधी तिपाई हलायची. एकदा सगळं जमलं, आणि कॅमेऱ्यात फिल्मच पुढे सरकत नव्हती. पाच वर्षांत तिच्याकडे अकरा चित्रं जमली होती, अकराही ठिपकेच. वहीत मात्र तिने पिळलेल्या मडक्यासारखे, चौकोनी, पायरी-पायरीचे सूर्य पेन्सिलीने काढून ठेवले होते.

ल्युडेरिट्झभोवतीची जमीन हिऱ्यांची. कुंपणापलीकडे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, आणि त्या बंदोबस्तातली माणसं बिनतारीवरची प्रत्येक बडबड ऐकत बसलेली असतात. "बोटी ताठ झाल्यात, आज हिरवा येईल," हे वाक्य त्यांनी दीड वर्षात नऊ वेळा टिपून घेतलं होतं. त्यानंतर दर वेळी एक बाई दुकान बंद करून निर्जन खडकावर जाते, समुद्राकडे लांब पल्ल्याची लेन्स रोखते आणि अंधार पडताच परत येते, हेही त्यांनी टिपलं होतं.

शहाण्णवच्या मे महिन्यात असाच एक पूर्वेचा वारा पडला. त्या दिवशी हेंड्रिनाला जे दिसलं ते तिने त्याआधी पाहिलं नव्हतं. सूर्याच्या माथ्यावरून एकामागून एक पट्ट्या सुटल्या. पहिली हिरवी होऊन विझली तोवर दुसरी, मग तिसरी. तिने सात वेळा खटका दाबला. तिपाई हलली नाही. ती कॅमेऱ्यावरची पिशवी बांधत होती तेव्हा मागून दोन गाड्यांचे दिवे आले.

चौकशी करणारा अधिकारी सकारिया शिहेपो. उत्तरेकडचा, ओंडांग्वाचा, पस्तिशीचा, अतिशय सभ्य. त्याने तिला चहा दिला, आणि त्याच्याकडे बायकांना मानाने म्हणतात तसं 'मेमे' म्हणाला.

"मेमे, 'हिरवा' म्हणजे कोण?"

"कोण नाही. सूर्य."

"सूर्य हिरवा आहे?"

"नेहमी नाही. बुडताना, कधीकधी."

शिहेपोने लिहून घेतलं. "आणि 'बोटी ताठ' म्हणजे तयार?"

"नाही हो. ताठ म्हणजे ताठ. उंच दिसतात."

"उंच दिसतात. मग तुम्ही दुकान बंद करून बावीस किलोमीटर गाडी चालवता. कशासाठी, तर दोन सेकंदांसाठी."

"दोन मिळाले तर नशीब."

"मेमे, तुमच्या जागी मी असतो तर याच्यापेक्षा चांगली थाप शोधली असती."

"म्हणूनच म्हणते, ही थाप नाही."

त्याच वेळी धक्क्यावर अब्राची बोट तपासली जात होती. चोरीचे हिरे माशाच्या पोटातून नेतात अशी वहिवाट असल्यामुळे बंदोबस्तवाल्यांनी त्या दिवसाचे सगळे स्नूक, चाळीस-बेचाळीस असतील, सुरीने फाडून बघितले. अब्रा कठड्यावर बसून सूचना करत होता. "आतडं बाहेर काढलंच आहेस तर डोकंही उडव. नीट धर, कणा वाया घालवू नकोस. बायकोबद्दल विचारता? वेडी आहे. सूर्याच्या मागे लागलीय. दुसऱ्या माणसाच्या लागली असती तर मी काहीतरी केलं असतं."

रात्री दोघांना सोडलं. मासे साफ झालेलेच होते, त्यामुळे अब्राचं काम वाचलं. फिल्म मात्र ठेवून घेतली.

आठवड्याने पाकीट आलं. आत फिल्मची पट्टी होती आणि एक ओळ: आक्षेपार्ह काही नाही. हेंड्रिनाने पट्टी खिडकीशी धरली. बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत सगळ्या फिल्मा एकाच रसायनात धुतात, काळ्या-पांढऱ्याच्या. तिची रंगीत फिल्मही त्यातच बुडवली होती. सातही चित्रं स्वच्छ होती. सूर्याचा पिळलेला आकार होता, वर सुटलेल्या पट्ट्या होत्या, समुद्राची कडा सुरीसारखी होती. सगळं करडं होतं. हिरवं कुठलं आणि पिवळं कुठलं, देवालाही सांगता आलं नसतं.

ती स्टुलावर बसली. गिऱ्हाइकं बसतात त्या, पडद्यापुढच्या. न्हाव्याने काचेतून हात केला, तिने उत्तरादाखल हात केला. मग पट्टी पुन्हा पाकिटात घातली आणि एका शाळामास्तराचे पासपोर्टचे फोटो कापायला घेतले.

घरी तिने अब्राला एवढंच सांगितलं, "आता बिनतारीवरून काही सांगू नकोस."

"का? त्यांना कळलं ना आता."

"मला नकोय."

अब्राने फार ताणलं नाही. जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, एकदा बोटी अशा ताठ झाल्या की क्षितिजावर किल्ला बांधल्यासारखं दिसत होतं. त्याने बिनतारी हातात घेतली आणि परत ठेवली. त्या सबंध थंडीत हेंड्रिना खडकांकडे फिरकली नाही. लेन्स पुन्हा कपाटात गेली.

पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये शिहेपो दुकानात आला. अंगावर गणवेश नव्हता. पासपोर्टचा फोटो हवा होता. ती त्याला स्टुलावर बसवून हनुवटी वर करत असताना तो म्हणाला, "मेमे, मी तिथे जाऊन आलो. तीनदा. मला काही दिसलं नाही."

"कधी गेला होतात?"

"रविवारी. सुट्टी असते तेव्हा."

"मागच्या रविवारी? दक्षिणेचा वारा होता! त्या वाऱ्यात काय दिसणार, डोंबल?"

"मला काय माहीत, मेमे? चौकशीत वाऱ्याबद्दल तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्हाला हिरवा माणूस हवा होता."

तो हसला, आणि तिने नेमका तेव्हाच खटका दाबला, त्यामुळे तो फोटो फुकट गेला. दुसरा काढताना तो हळू आवाजात म्हणाला, "त्या फिल्मचं नंतर कळलं मला. लवकर धुवा, असं मीच सांगितलं होतं. कशात धुतात ते मला ठाऊक नव्हतं."

"हलू नका," हेंड्रिना म्हणाली.

तिने त्याला माफ केलं की नाही, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. तीन रविवार भलत्याच वाऱ्यात खडकावर बसलेला माणूस तिला सहन झाला नाही, इतकंच ती म्हणते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वारा फिरला तेव्हा तिने स्वतः त्याच्या कचेरीत फोन केला. "आज या. सूर्याकडे पाठ करून बसायचं, मी सांगेन तेव्हा वळायचं."

दोघं दीपस्तंभाच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. अधूनमधून शिहेपो मान वळवायला बघायचा आणि ती दटावायची. वेळ आली तेव्हा तिने त्याला कॅमेऱ्याशी उभं केलं आणि आपण बाजूला सरली. सूर्य चपटा होत गेला, त्याला कंबर आली, माथा तुटला. शेवटचा तुकडा हिरवा झाला, आणि जाता जाता त्याच्या कडेवर निळं काहीतरी चमकून गेलं.

शिहेपोने कॅमेऱ्यावरून डोळा काढून रिकाम्या समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"पण खरंच हिरवा आहे."

"मग? थाप वाटली होती ना?"

तिच्या लक्षात आलं, की पाच-सहा वर्षांत आपण हे नुसत्या डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. लांबून ते फारच लहान दिसतं. समुद्र मोठा आणि तो तुकडा तांदळाएवढा.

पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा जाऊ लागली. अब्रा बिनतारीवर बोलू लागला. ऐकणाऱ्यांनी टिपणं घेणं सोडून दिलं होतं. एकदा तर त्यांच्यातल्याच कुणीतरी मध्येच विचारलं, "किती वाजता?"

अठ्ठ्याण्णवच्या बारा जूनला तिला हवं ते मिळालं. तीन फोटो निघाले, त्यातला मधला बरोबर. माथ्यावर चार पट्ट्या, खालच्या दोन नारिंगी, तिसरी पिवळट, सगळ्यात वरची स्वच्छ हिरवी आणि तिला सुईच्या रेघेएवढी निळी किनार. विंडहुकच्या प्रयोगशाळेने पाकिटावर शिक्का मारून पाठवलं होतं: फिल्ममध्ये दोष. अब्राने ते चित्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून एक डोळा मिटून बघितलं.

"हं," तो म्हणाला. "असाच असतो."

त्याच्याकडून यापेक्षा जास्त तिला नको होतं.

शिहेपोच्या आग्रहावरून तिने एक प्रत केपटाऊनकडच्या एका वेधशाळेला पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र लिहिणाऱ्याने चित्राची स्तुती एका ओळीत उरकली होती आणि उरलेल्या पानभर प्रश्न विचारले होते. हवेचं तापमान किती होतं, वारा नेमका कधी पडला, आणि कॅमेरा समुद्राच्या पातळीपासून किती उंचीवर होता? पट्ट्या का सुटल्या त्याचं गणित या शेवटच्या आकड्यावर अवलंबून आहे, असं त्याने लिहिलं होतं.

तापमान आणि वारा वहीत होताच. उंची तिने कधी मोजली नव्हती. एका रविवारी ती आणि अब्रा शेवंडांच्या पिंजऱ्यांचा दोर घेऊन दियाझ पॉइंटला गेले. अब्राने दोराच्या टोकाला शिसं बांधलं आणि तो कड्यावरून खाली सोडला. हेंड्रिना तिपाईच्या जागी उभी राहून दोर धरत होती.

"लागलं का पाण्याला?"

"खडकाला लागलं. जरा डावीकडे सर."

"आणखी सरले तर मीच खाली जाईन!"

"मग उंची बरोबर कळेल. जा."

लाट आली की दोर ढिला पडायचा, गेली की ताणायचा. त्यांनी चार वेळा मोजलं आणि चारही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी अब्रा खडकावर पालथा पडून राहिला, ओहोटी अर्ध्यावर येईपर्यंत थांबला, आणि मग दोराला दातांनी खूण केली. घरी जमिनीवर दोर पसरून त्यांनी तो मोजला. सतरा मीटर आणि वर चार बोटं.

हेंड्रिनाने उत्तरात तेच लिहिलं, सतरा मीटर आणि चार बोटं. बोटं माझ्या नवऱ्याची आहेत, जाड आहेत, अशी खाली तळटीप टाकली आणि सोमवारी पत्र टपालात टाकलं.